चेंडूकडे न बघणारे आमचे साडू

संपूर्ण युनायटेड किंग्डममध्ये अमेरिकन फुटबॉल जीव ओतून बघणारे आणि तरीही चेंडूकडे ढुंकूनही न बघणारे गृहस्थ एकच आहेत, आणि ते माझे साडू आहेत. मी यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी करणारा माणूस आहे. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. त्यामुळे ‘संपूर्ण’ हा शब्द मी सहजासहजी वापरत नाही. पण इथे वापरतो, आणि कुणी दुसरा असा माणूस दाखवला तर विधान मागे घ्यायला तयार आहे. एकदा मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा टीव्हीवर सामना रंगात आला होता, प्रेक्षक किंचाळत होते, आणि साडू सोफ्याच्या कडेला येऊन स्वतःच्याच गुडघ्यांवर वाकले होते. मी विचारलं, “स्कोअर काय झालाय?” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “मला काय माहीत? मी लेफ्ट गार्डचा गुडघा पाहून राहिलो.” सामना संपला तेव्हा कोण जिंकलं हे त्यांना मी सांगितलं. त्यावर त्यांनी “असं का?” म्हटलं, तेही माझं मन राखायला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मलाही थोडक्यातच कळलेला आहे. एक माणूस चेंडू फेकतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि जाहिरातीत तोच असतो. त्याच्यापुढे पाच आडदांड माणसं ओळीनं उभी असतात; मधल्याच्या दोन बाजूंचे ते गार्ड, अगदी कडेचे ते टॅकल, आणि ही सगळी ओळ म्हणजे लाइन. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं आणि फेकणाऱ्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. त्यांना चेंडू जवळपास कधी मिळत नाही, त्यांचं नाव निघतं ते चूक झाली तरच. व्यावसायिक संघात एक मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली असिस्टंट कोचची फौज असते: फेकणाऱ्यांचा वेगळा, धावणाऱ्यांचा वेगळा, आणि या पाच जणांचा वेगळा. साडूंच्या मते जगातली सगळी विद्या या शेवटच्या माणसाकडे आहे. कॅमेऱ्यानं मुख्य प्रशिक्षकाचा चेहरा दाखवला की ते चिडतात. “अरे, मागं तो टोपीवाला उभा आहे ना, त्याले दाखवा! त्यानं त्या पोराचा खांदा दोन इंच खाली आणायला अख्खं वर्ष घातलं!” लोक पाठीवरून नातेवाईक ओळखतात, तसे ते टोपीवाले असिस्टंट ओळखतात. कुठल्याशा संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला काढलं की त्याच्याबरोबर बहुतेक असिस्टंटही जातात. अशा एका दिवशी साडूंनी मला ऑफिसात फोन केला होता. आवाज इतका खोल गेलेला की मी जागेवरून उठून बाहेर आलो. “काय झालं?” म्हटलं. “लाइन कोच गेला हो,” ते म्हणाले. संध्याकाळी घरी मी “साडूंचा कोच गेला” एवढं म्हणेपर्यंत आमच्या हिनं वरणभाताचा कुकर उतरवला होता आणि ती नागपूरला कुणाचं काय झालं हे विचारत बसली होती. “बरं, माणूस जिवंत आहे ना?” सगळं ऐकल्यावर तिनं विचारलं. जिवंत होता. फक्त घरदार उचलून, मुलांच्या शाळा बदलून दुसऱ्या गावी चालला होता, आणि साडूंना त्या शाळांचीही काळजी होती.

स्वतः साडू पाच फूट चार इंच, वजन बासष्ट किलो. हा खेळ ते आयुष्यात एकदाही खेळलेले नाहीत. नागपूरला शाळेत असताना ते आट्यापाट्या खेळायचे, आणि आखलेल्या पाटीवर आडवं सरकत समोरच्याला पलीकडे जाऊ न देण्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, कुणी धरत नसे. मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांनी टीव्हीवर हे पाच पहिलवान आडवे सरकताना पाहिले आणि उठून उभे राहिले. “हे तर आपलंच आहे,” एवढंच म्हणाले, असं मेहुणी सांगते. त्यानंतर अमेरिकेतल्या लाइन कोचनी घेतलेल्या वर्गांचे जेवढे म्हणून व्हिडिओ मिळाले तेवढे त्यांनी पाहिले आणि इथल्या हौशी संघाच्या मैदानावर जाऊन सांगितलं, मी तुमची ओळ सांभाळतो, फुकट. पुढे त्याच संघानं त्यांना मुख्य प्रशिक्षक व्हायची गळ घातली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. “नको बाप्पा. मग मला बॉलकडे पाहावं लागंल.”

त्यांच्या शिकवण्याला मैदान लागत नाही. आमच्या शहरात शंभरावर राउंडअबाउट आहेत. एरवी लोक त्यांना शिव्या देतात, साडू त्यांच्यावर वर्ग घेतात. मी गाडी चालवत असलो की शेजारी बसून सुरू होतात: “पाहा पुणेकर, हे मधलं गोल बेट म्हणजे आपला टॅकल. तो कोणाच्या मागं धावतो का? नाही. तो फक्त मधे असतो. समोरच्याला लांबून जायला लावतो. लांबून गेला की वेळ गेला, वेळ गेला की बॉल गेला!” तेवढ्यात आमचा फाटा गेलेला असतो आणि आम्हीही लांबून जातो. सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांचं दुखणं जुनं. सोफ्यावरून उठताना त्या कुणाच्या तरी हाताला धरून “अगं आई गं” करत. साडूंनी तीन दिवस ते निरखलं आणि चौथ्या दिवशी म्हणाले, “आई, तुम्ही आधी डोकं उचलता. आधी पाय मागं घ्या, बूड पुढं आणा, छाती गुडघ्यावर, आणि मग जमिनीला ढकला.” सासूबाईंनी “जावयाचं काय काय ऐकावं लागतं” म्हणत ते करून पाहिलं आणि उठल्या. एकट्या. मग पुन्हा बसल्या आणि पुन्हा उठल्या. परत गेल्यावर त्यांनी म्हणे भजनी मंडळातल्या सगळ्यांना लाइनमनचा पवित्रा शिकवला.

एक नियम मात्र ते कडक पाळतात: एका दिवशी एका माणसाला एकच गोष्ट सांगायची. त्यांना दहा चुका दिसतात, नऊ गिळतात. टीव्हीवरचे मोठे असिस्टंट असंच करतात, असं ते म्हणतात. हाताचं सांगितलं की त्या दिवशी पायाचं बोलायचं नाही. मैदानावर हे सोपं नसतं, म्हणून त्यांचे गाल सारखे फुगलेले असतात.

ओंकार त्यांना सापडला तो इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता, महाप्रसादाची तयारी चालली होती, आणि मोदकांच्या टेबलापुढे कुणीतरी एका धिप्पाड मुलाला उभं केलं होतं, आरती होईपर्यंत लहान मुलांना पुढे येऊ देऊ नको म्हणून. सहा फूट पाच इंच, एकशे तीस किलोच्या घरात. मराठी माणसात एवढा ऐवज मी तरी पाहिला नव्हता. पंधरा-वीस पोरं डावीकडून, उजवीकडून, टेबलाखालून घुसत होती, आणि हा हात पुढे धरून, गुडघे वाकवून, बारीक पावलांनी आडवा सरकत होता. एकही पोरगं पलीकडे गेलं नाही आणि एकालाही त्यानं ढकललं नाही. आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत मूर्तीकडे बघत होते, साडू मूर्तीकडे पाठ करून ओंकारच्या पावलांकडे बघत होते. “सुखकर्ता” संपायच्या आत ते त्याच्याजवळ पोचले होते. “तुझं नाव काय बे? शनिवारी काय करतोस?”

ओंकार शनिवारी काहीच करत नव्हता. तो इथेच जन्मलेला. लहानपणापासून रग्बी खेळला, आणि अठराव्या वर्षी रग्बीच्या अकादमीनं, पाय जड आहेत म्हणून, त्याला परत पाठवलं. तेव्हापासून तो वेअरहाउसमध्ये काम करायचा आणि घरी आल्यावर खोलीचं दार लावून बसायचा. दोन वर्षं साडूंनी त्याला घडवला. आणि मग ती बातमी आली. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांची परदेशी खेळाडूंसाठी एक योजना असते, तिची चाचणी लंडनजवळ व्हायची होती. तिकडच्या एका संघाचा खराखुरा लाइन कोच पोरं बघायला येणार होता, आणि ओंकारचं नाव यादीत होतं. त्या दिवशी साडू राउंडअबाउटला दोनदा प्रदक्षिणा घालून माझ्या घरी आले, कारण आनंदात त्यांना फाटाच दिसला नाही. ओंकार तेवीस वर्षांचा होता. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नसतं. त्याची आई माझ्या बायकोला हळूच म्हणाली, “निवड नाही झाली तरी चालेल गं. पण पुन्हा ते दार लागायला नको.”

चाचणीला चार आठवडे असताना साडूंना ऑफिसच्या कामासाठी लीड्सला जावं लागलं. जाताना त्यांनी मला फर्मान सोडलं: शनिवारी मैदानावर जा आणि ओंकारचे पाय शूट करून आणा. मी शूट केले. घरी येऊन हळू गतीनं पाहिले, तर चेंडू हलायचा आणि ओंकार जरा वेळानं हलायचा. प्रत्येक वेळी. हा खेळ सुरू होतो तो मधला खेळाडू चेंडू मागे देतो त्या क्षणी. मोठ्या स्टेडियममध्ये गोंगाटात काही ऐकू येत नाही, म्हणून कडेच्या टॅकलनं डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू बघायचा आणि तो हलला की निघायचं. चार फ्रेमचा उशीर म्हणजे समोरचा अंगावर. मला वाटलं पोरगा दमला असेल. पण तपासणीचा धंदा. एक नमुना खराब निघाला की आम्ही मागचे काढतो. साडूंनी मला पाठवलेले जुने व्हिडिओ पाहिले. त्यांत ओंकार अचूक. आणि त्या प्रत्येकात, चेंडू हलायच्या जरा आधी, एक आवाज: फट्.

तो आवाज कशाचा हे मला एका कोपऱ्यात साडू दिसले तेव्हा कळलं. काही घडणार असं वाटलं की ते उजव्या मांडीवर थाप मारतात. सरावात चेंडू केव्हा सुटणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे थाप बरोबर आधी पडते. आणि ओंकारचा पाय उठायचा तो थापेवर. दोन वर्षं त्यानं चेंडू पाहिलाच नव्हता. कसा पाहील? त्याचा गुरूही पाहत नव्हता.

साडू परत आल्यावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन सरळ सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही. ते हसले, म्हणाले, “मी कुठं थाप मारतो?” मी व्हिडिओ लावला. फट्. दुसरा लावला. फट्. साडू खुर्चीत बसले, आणि तिसरा त्यांनी स्वतःच लावला. मेहुणी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “म्हणजे दोन वर्षं पोराला मांडीवरच खेळवलंत म्हणा की!” त्यावर कुणी हसलं नाही. मग साडू हळू आवाजात म्हणाले, “तिथं मला मैदानात कोण घेणार, पुणेकर? तिथं तो एकटाच राहणार ना.”

पुढचे तीन आठवडे मिल्टन कीन्सच्या त्या मैदानानं जे पाहिलं ते पुन्हा पाहायला मिळेल असं वाटत नाही. आधी साडूंनी थाप थांबवायचा प्रयत्न केला. दोन्ही हातांत चहाचे भरलेले मग घेऊन उभे राहिले. पहिल्याच खेळाला उजवा मग मांडीवर रिकामा झाला. ओव्हनचे हातमोजे घातले. आवाज मऊ झाला एवढंच, ओंकारला तो पुरेसा होता. “काका, मी काय करू?” तो रडवेला होऊन आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला. “तुमची आवाज आला की माझा पाय ऑटोमॅटिक जाते!” शेवटी साडूंनीच उलटा विचार केला. थाप थांबत नाही ना, मग ती खोटी करायची. कधी आधी मारायची, कधी नंतर, कधी मारायचीच नाही. पोराचा थापेवरचा विश्वास उडाला पाहिजे.

इथे मी हरकत घेतली. माणसाला मनानं बेभरवशाचं वागता येत नाही, त्यात ठरावीकपणा येतोच, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. म्हणून मी घरून सापशिडीचा फासा नेला. एक-दोन पडलं तर थाप आधी, तीन-चार पडलं तर उशिरा, पाच-सहाला थाप नाही. मी बॅगेच्या पाठीवर फासा टाकायचा, बोटांनी खूण करायची, आणि साडूंनी त्याप्रमाणे मांडी बडवायची. ओंकार पहिल्या दिवशी जवळजवळ दर थापेला फसला. कुत्रा फिरवायला आलेली एक बाई बराच वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, “हा कुठला खेळ?” साडूंनी अभिमानानं सांगितलं, “कोचिंग!”

“हललास!” साडू ओरडायचे. “कोणाचं ऐकलंस?”

“तुमचं, काका.”

“काहून ऐकलंस? मी कोण आहे?”

“कोच.”

“कोच गेला खड्ड्यात! बॉल पाहा, बे, बॉल!” हे वाक्य साडूंच्या तोंडून ऐकताना मला गहिवरून आलं. दुसऱ्या आठवड्यात ओंकार निम्म्यांदा फसायचा, तिसऱ्यात क्वचित. शेवटच्या शनिवारी तो चेंडूकडे असा बघत होता, जसा गणपतीत कुणी मोदकाकडे बघतं, आणि साडूंची मांडी काळीनिळी झाली होती.

चाचणीच्या दिवशी साडू आत यायलाच तयार नव्हते. “मी गाडीत बसतो. हात उठला तर?” ओंकारनं गाडीचं दार उघडलं, वाकून आत डोकं घातलं आणि म्हणाला, “काका, या ना. मला चालेल.” एवढा मोठा मनुष्य एवढ्या हळू बोलला की साडू उतरले. भल्यामोठ्या हॉलमध्ये वर गॅलरीत आम्हाला जागा मिळाली. खाली देशोदेशींची पोरं, आणि त्यांच्यात करड्या दाढीचा, टोपी घातलेला तो असिस्टंट कोच. साडूंनी माझा दंड असा धरला की पुढे चार दिवस खूण राहिली. पहिल्या जोडीला उभं केलं आणि तो कोच गवताच्या चटईवर चक्क पोटावर झोपला. “पाहा! पाहा!” साडू कुजबुजले, पण त्यांची कुजबुज तीन रांगा ऐकतात. “झोपला! पाय पाहून राहिला! मी काय सांगत होतो?”

मग ओंकारचा नंबर आला. समोर एक जर्मन मुलगा, खांदे कपाटासारखे. हॉल शांत. स्टेडियमसारख्या गोंगाटाचे लाउडस्पीकर अजून लावायचे होते. ओंकार वाकला. मी साडूंकडे पाहिलं, आणि त्यांचा उजवा हात वर जाताना मला दिसला. मी तो धरायला गेलो, पण उशीर झाला. फट्! त्या लोखंडी छताखाली तो आवाज बंदुकीसारखा घुमला. जर्मन मुलगा दचकून पुढे पडला. शेजारच्या रांगेतला एक पोरगाही निघाला. करड्या दाढीवाल्यानं झोपल्या झोपल्या मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. आणि ओंकार? ओंकार हलला नाही. वाकलेला, श्वाससुद्धा न घेता, डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडूकडे बघत तसाच. सगळे पुन्हा जागेवर आले, मग चेंडू हलला, आणि त्याच क्षणी त्याचा पाय हलला. जर्मन मुलाला लांबून जावं लागलं. फार लांबून.

साडू उठून नाचायला लागले. “नाही ऐकलं! पुणेकर, पोरानं माझं नाही ऐकलं!” गॅलरीतल्या एका स्वयंसेवकानं त्यांना बाहेर जायची विनंती केली, ती त्यांनी आनंदानं मान्य केली. मी उरलेलं पाहिलं आणि बाहेर जाऊन एकेक खेळ सांगितला. ते प्रत्येक वेळी एकच विचारत होते, “पाय चेंडूबरोबर ना?” “चेंडूबरोबर,” मी म्हणालो. आणि मी असं उगाच म्हणत नाही.

निवड झाली. ओंकारच्या आईनं आम्हा सगळ्यांना पुरणपोळी खाऊ घातली आणि साडूंच्या पाया पडायला गेली. ते घाबरून खुर्चीमागे लपले. मग ओंकार अमेरिकेला गेला. विमानतळावर साडूंनी त्याला एकच गोष्ट सांगितली: “तोंडाचे फोटो आईले पाठव. मला पायाचे पाठव.”

पहिला व्हिडिओ आला तेव्हा मी तिथेच होतो. तिकडच्या सरावाचा, गुडघ्यांपासून खालचा. पाच जोड्या पाय, सगळे एकाच मापाचे, सगळ्यांचे बूट सारखे. इथे कुठल्याही गर्दीत पोरगा मैलावरून दिसायचा, आणि आता मला तो ओळखता येईना. साडूंनी क्षणात पडद्यावर बोट ठेवलं. “हा.”

“कशावरून?”

“डावं पाऊल मागं टाकताना अंगठा बाहेर जातो, पाहा. तेवढी चूक राहिली. मी असाच चालतो ना, माझं पाहून उचललं त्यानं. माझ्याच्यानं निघाली नाही ती. तो दाढीवाला काढंल.”

त्यानंतर दर आठवड्याला व्हिडिओ येत राहिले आणि दर वेळी साडू बोट ठेवत राहिले. परवा रविवारी मी गेलो तर ते खिडकीशी फोन घेऊन बसले होते. नवा व्हिडिओ होता. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, चष्मा पुसून पाहिला, मग माझ्या हातात दिला. पाच जोड्या पाय चेंडूबरोबर उठत होते, मागे पडत होते, सगळे सरळ, सगळे सारखे. मीही पाहिलं, हळू गतीनं पाहिलं. फरक सापडेना.

“यातला आपला कोणता?” मी विचारलं.

साडूंनी पडद्यावर बोट नेलं, एका जोडीवरून दुसरीवर फिरवलं आणि उचललं. “सापडून नाही राहिला,” ते म्हणाले, आणि त्यांनी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.